काचेच्या टाकीतला समुद्र आणि श्रावकाची जयणा

व्यापारी घराच्या दिवाणखान्यात किंवा पेढीच्या दर्शनी भागात माशांची काचपेटी असणे आता नवलाचे राहिलेले नाही. कोणी वास्तूच्या समजुतीने ती आणतो, कोणी मुलांच्या हट्टापायी, तर कोणी केवळ शोभा म्हणून. पूर्वी या पेटीत गोड्या पाण्यातले गोल्डफिश असत. अलीकडे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसू लागल्या आहेत. निळसर प्रकाशात डोलणारे प्रवाळ आणि त्यांच्यामधून फिरणारे केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाऊनफिश पाहताना मन रमते, यात शंका नाही.

जैन घरात मात्र अशी टाकी येते ती एक जबाबदारी घेऊनच. मासा हा पंचेंद्रिय जलचर जीव. समुद्रात तो आपले अन्न आपण शोधतो, पाणी बिघडले तर दुसरीकडे जातो. टाकीत त्याला यांपैकी काहीच करता येत नाही. त्याचे अन्न, पाणी, प्रकाश आणि ऊब ही सारी घरच्या माणसांच्या हाती असतात. ते हात दयाळू असले तरी तेवढ्याने भागत नाही, कारण अशा टाक्यांतले अनेक जीव उपेक्षेपेक्षा अजाणत्या मायेनेच मरतात. दशवैकालिकसूत्राने ज्ञानाला दयेच्या आधी स्थान दिले आहे. या क्रमाचा अर्थ समजून घ्यायचा, तर सागरी टाकीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रवाळ : अंगठीतला आणि टाकीतला

सराफी व्यवसायातील कुटुंबांना पोवळे नवे नाही. नवरत्नांमधले ते लाल रत्न प्रामुख्याने भूमध्य समुद्रातील प्रवाळाच्या सांगाड्यापासून घडवले जाते. उत्तराध्ययनसूत्राच्या छत्तिसाव्या अध्ययनात पृथ्वीकायाच्या प्रकारांमध्ये प्रवाळाची गणना आहे. म्हणजे जैन आगमांनी त्याला फार पूर्वीच सजीवांच्या यादीत स्थान दिले होते.

आधुनिक जीवशास्त्राने प्रवाळाचे आणखी एक अंग उघड केले. कठीण प्रवाळाचा दगडी भाग चुन्याचा असतो. त्यावर पातळ थरासारखी पसरलेली असते ती ‘पॉलिप’ नावाच्या इवल्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येक पॉलिपला तोंड असते, तोंडाभोवती स्पर्शक असतात, आणि स्पर्श होताच तो अंग आखडून घेतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा पॉलिपला देते. मोबदल्यात पॉलिप त्याला आसरा पुरवतो. तत्त्वार्थसूत्राने सांगितलेला जीवांचा परस्पर उपकार इथे डोळ्यांनी पाहता येतो.

ही भागीदारी नाजूक असते. पाणी अधिक तापले किंवा दूषित झाले की शैवाल पॉलिपला सोडून जाते. प्रवाळ पांढराफटक पडतो आणि स्थिती लवकर सुधारली नाही, तर उपासमारीने मरतो. टाकीतला प्रवाळ पांढरा पडू लागला की ‘रंग बदलला’ म्हणून कौतुक करणारे पाहुणे भेटतात. वस्तुतः तो त्याच्या संकटाचा संकेत असतो.

प्रवाळ घरात जगवणे पहिल्यापासूनच कष्टाचे होते. इंग्लंडमधील ॲना थिन या बाईंनी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पंपाची सोय नसल्याने पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची दासी रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. आज ते काम पंप करतो. तरीही कोणीतरी रोज लक्ष द्यावे लागते, यात बदल झालेला नाही.

अन्नाचा जमाखर्च

तळ्याकाठी उभे राहून माशांना कणकेच्या गोळ्या टाकण्याची रीत अनेक घरांत आहे. तोच हात सवयीने टाकीकडे वळतो. मुले मुरमुरे टाकतात, आजी-आजोबा पोळीचा तुकडा कुस्करतात, संध्याकाळी दुकानातून आलेला मुलगा पुन्हा चिमूटभर खाद्य सोडतो. मासा काचेपाशी येऊन तोंड हलवतो, म्हणून तो भुकेला आहे असे प्रत्येकाला वाटते. प्रत्यक्षात, अन्न देणारा माणूस ओळखून तो जवळ आलेला असतो.

तळ्याच्या मानाने टाकीतले पाणी फार थोडे असते. न खाल्लेला कण तळाशी जाऊन कुजतो आणि त्यातून अमोनिया तयार होतो. खडकांवर आणि वाळूत राहणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिले दोन पदार्थ माशांना थोड्या प्रमाणातही घातक असतात. नायट्रेट तुलनेने सौम्य असले, तरी ते साचत गेले की प्रवाळांना त्रास होतो. अन्नातून येणारे फॉस्फेट वाढले, तर प्रवाळाच्या चुन्याच्या बांधणीत अडथळा येतो आणि खडकांवर शेवाळ माजून प्रवाळांना झाकू लागते. शेवाळ हे जैन दृष्टीने अनंतकाय. आधी अतिरिक्त अन्नाने ते वाढवायचे आणि नंतर घासून काढायचे, हा दुहेरी दोष नेमके अन्न दिल्याने टळतो.

व्यापाऱ्याला जमाखर्चाची भाषा सहज कळते. टाकीत जेवढे अन्न पडते, तेवढे कोणाच्या तरी पोटात जायला हवे किंवा गाळणीवाटे बाहेर निघायला हवे. शिल्लक राहील ते विष होते. म्हणून पुढील नियम उपयोगी पडतात :

• सुमारे दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य एका वेळी द्यावे. क्लाऊनफिशसारख्या माशांना दिवसातून दोनदा थोडे थोडे पुरते.
• कण माशाच्या डोळ्यापेक्षा मोठा नसावा. मोठे तुकडे तोंडातून पडतात आणि खडकांच्या फटींत कुजतात.
• खाद्य देताना पाणी गाळणीकडे नेणारा पंप थोडा वेळ थांबवावा आणि दहा मिनिटांच्या आत आठवणीने पुन्हा सुरू करावा.
• शैवाल खाणाऱ्या सर्जनफिशसारख्या माशांसाठी मीठ-मसाला नसलेले वाळलेल्या समुद्री शैवालाचे पान चिमट्याला लावून ठेवावे. उरलेले पान त्याच दिवशी काढून घ्यावे.
• कणीक, पोळी, ब्रेड, मुरमुरे, फरसाण यांतले काहीही सागरी टाकीत टाकू नये.
• अन्न देण्याचे काम घरातील एकाच व्यक्तीकडे असावे. बाहेरगावी जाताना रोजच्या मापाच्या पुड्या करून शेजाऱ्याकडे द्याव्यात. डबा देऊ नये.

निरोगी, वाढ झालेला क्लाऊनफिश दोन-तीन दिवस अन्नाविना सहज राहतो. तेवढ्या प्रवासासाठी अनोळखी हातांनी भरमसाट अन्न पडण्यापेक्षा काहीच न पडणे त्याच्या हिताचे असते. मात्र सतत चरणाऱ्या माशांना हा नियम लावता येत नाही. मँडरिन हा देखणा मासा तर दिवसभर खडकांवरचे सूक्ष्म जीव टिपत असतो. लहान, नव्या टाकीत त्याला पुरेसे खाद्यच नसते. त्यामुळे दिवसेंदिवस वाळत जाऊन तो मरतो आणि घरच्यांना कारणही समजत नाही.

प्रवाळांचे बरेचसे पोषण प्रकाशातून होत असल्याने त्यांना वेगळे अन्न द्यावे लागतेच असे नाही. योग्य तीव्रतेचा प्रकाश रोज आठ ते दहा तास मिळाला आणि पाण्याचा प्रवाह सतत राहिला, तर अनेक जातींचे भागते. ज्यांना अन्न लागते, त्यांनाही ते आठवड्यातून एक-दोनदा, अगदी अल्प पुरते.

जैन घराची खरी अडचण

इथवरचे सारे कोणत्याही घराला लागू आहे. जैन घरासमोर याहून अवघड प्रश्न उभा राहतो. सागरी टाकीत ठेवल्या जाणाऱ्या माशांपैकी बहुतेक मांसाहारी किंवा मिश्राहारी असतात. त्यांच्यासाठी बाजारात मिळणारे गोठवलेले खाद्य म्हणजे आर्टेमिया, मायसिस, क्रिल असे कोळंबीच्या वर्गातले जीव. दाणेदार खाद्यातही बहुधा मासळीची किंवा कोळंबीची पूड असते. डब्यावर ‘स्पिरुलिना’ असे ठळक छापलेले असले, तरी मागच्या बाजूच्या घटकांत मासळीची पूड सापडते. बिस्किटाच्या पुड्यावरचे घटक काळजीपूर्वक वाचणारे कुटुंब हा डबा मात्र न वाचता घरात आणते.

यावर काही जण सुचवतात की माशांना शाकाहारी करावे. ही सूचना सद्हेतूची असली, तरी तिच्यामागे विचार कमी आहे. मांसाहारी माशाचे शरीर निव्वळ वनस्पतिजन्य खाद्यावर तग धरत नाही. तो खंगतो, त्याची रोगप्रतिकारशक्ती घटते. तत्त्वार्थसूत्राने अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जीवाला कोंडून ठेवणे हा बंध आणि त्याला योग्य अन्न न देणे हा अन्नपाननिरोध. मालकाचा नियम पाळण्यासाठी माशाला त्याच्या प्रकृतीविरुद्ध अन्नावर ठेवले, तर एकाच टाकीत हे दोन्ही अतिचार घडतात. लहान टाकीत माशांची गर्दी केली, तर अतिभाराचा विचारही करावा लागेल.

शैवालावर चरणारे मासे आहेत. पिवळ्या, निळ्या रंगांचे सर्जनफिश त्यांपैकीच. परंतु ते लांब अंतर पोहणारे मासे आहेत आणि त्यांना कित्येक शे लिटरची टाकी लागते. शिवाय निसर्गात शैवालासोबत सूक्ष्म जीवही त्यांच्या पोटात जातच असतात. तेव्हा ‘पूर्ण अहिंसक सागरी टाकी’ असा शब्दप्रयोग कोणी विक्रीसाठी केला, तर तो स्वीकारण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. ज्या कुटुंबाला मांसजन्य खाद्य घरात आणणे आपल्या नियमात बसत नाही असे वाटते, त्याने मांसाहारी मासा न आणणे हाच सरळ मार्ग. आणलेल्या जीवाला उपाशी ठेवणे हा मार्ग नव्हे.

व्रत घरच्यांचे, माशांचे नव्हे

पर्युषणात घरातील मंडळी उपवास, एकासणे, चौविहार करतात. त्या दिवसांत काही घरांत टाकीतल्या माशांनाही अन्न देत नाहीत. भावना चांगली असते, पण उपवास ही स्वेच्छेने स्वीकारलेली तपस्या आहे. माशाने पच्चक्खाण घेतलेले नसते. त्याच्यासाठी ती केवळ उपासमार ठरते. त्या आठ दिवसांत घरातील सर्वजण सकाळपासून उपाश्रयात किंवा स्थानकात असतात, म्हणून अन्नाची वेळ आधीच ठरवून एका व्यक्तीवर सोपवावी.

रात्रिभोजनत्यागाचेही तसेच. पुष्कळ प्रवाळ अंधार झाल्यावर स्पर्शक पसरून अन्न घेतात. सूर्यास्तानंतर हाताने अन्न देणे ज्यांना रुचत नाही, त्यांनी टाकीच्या दिव्यांचे वेळापत्रक बदलावे. दिवे पहाटे लवकर लावून दुपारी मंद केले आणि खोलीत पडदे ओढले, तर टाकीतली सांज सूर्यास्तापूर्वीच होते. पाण्यात अन्नाचा गंध पसरला की अनेक प्रवाळ दिवसाही स्पर्शक उघडतात. थोडी युक्ती योजली, तर घरचा नियमही राहतो आणि प्रवाळाचे अन्नही चुकत नाही.

प्रवाळांचे शत्रू घरातच

प्रवाळाला जपायचे म्हणजे पाण्याची स्थिरता जपायची. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, तापमान साधारण २५ ते २६ अंश सेल्सियस, सामू ८.१ ते ८.४ आणि कॅल्शियम दर दशलक्ष भागांत ४०० ते ४५० भाग, असे आकडे अनुभवी मंडळी सांभाळतात. एखादा आकडा थोडा कमी-जास्त असला, तर जीव त्याला सरावतो. तो रोज वर-खाली होत राहिला, तर सरावत नाही. यासाठी एक वही ठेवावी. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चोपड्या लिहिल्या गेल्या, तिथे ही गोष्ट अवघड नाही.

टाकीतून उडून जाते ते फक्त पाणी. मीठ मागेच राहते. म्हणून रोजची घट शुद्ध केलेल्या बिनमिठाच्या पाण्यानेच भरून काढावी. खारे पाणी घालत राहिल्यास क्षारता वाढत जाते. पंधरा दिवसांनी दहा ते पंधरा टक्के पाणी बदलताना मात्र नवे पाणी त्याच क्षारतेचे आणि त्याच तापमानाचे असावे.

भारतीय घरातला सर्वांत अनपेक्षित शत्रू म्हणजे तांबे. माणसाला हितकर मानला जाणारा तांब्याच्या कलशातला साठा प्रवाळ, शंख-शिंपले आणि खेकडे यांना विषासमान असतो. तांब्या-पितळेच्या भांड्याने टाकीत पाणी ओतू नये, नाणी टाकू नयेत. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर दिले जाणारे औषधही बहुधा तांबेयुक्त असते. ते मुख्य टाकीत न घालता माशाला वेगळ्या टाकीत काढून द्यावे. नवा मासाही आधी काही आठवडे अशाच वेगळ्या टाकीत ठेवावा, म्हणजे रोग टाळता येतो.

डासांचा फवारा, झुरळांचे औषध, सुगंधी द्रव्ये, हाताला राहिलेला साबण, यांपासून टाकी दूर ठेवावी. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या पुढे गेले, तर प्रवाळ पांढरे पडू लागतात, म्हणून थंडाव्याची सोय आधीच असावी. वीज गेल्यावर प्राणवायू झपाट्याने कमी होतो, तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवा. मासे निवडतानाही सावध राहावे. बटरफ्लायफिशच्या अनेक जाती प्रवाळांचे पॉलिप कुरतडून खातात. त्यांना प्रवाळांसोबत ठेवणे म्हणजे हिंसेची व्यवस्था स्वतःच्या हाताने लावणे.

हे जीव येतात कुठून?

खरेदी करताना मालाचा उगम विचारणे ही व्यापाऱ्याची सवय. इथे ती धर्माच्याही कामाची आणि कायद्याच्याही. क्लाऊनफिशची पैदास बंदिस्त जागेत होऊ शकते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतात हे तंत्र विकसित केले आहे आणि नवी मुंबईतील ऐरोली येथेही शोभिवंत सागरी माशांच्या पैदाशीचा प्रकल्प आहे. परंतु सागरी शोभिवंत माशांच्या बहुसंख्य जाती आजही समुद्रातूनच पकडल्या जातात. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइडने माशांना गुंगवून पकडण्याची पद्धत चालत आली. तिने माशांबरोबर आसपासचे प्रवाळही मारले जातात.

प्रवाळांबाबत भारतीय कायदा कडक आहे. सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रघोडेही त्याच वर्षी त्यात आले. वाघाला मिळते तेच संरक्षण प्रवाळाला मिळते आणि गुन्हा सिद्ध झाल्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. भारतीय समुद्रातून तोडलेला प्रवाळ, किंवा प्रवाळ चिकटलेला ‘जिवंत खडक’, कितीही खात्रीने कोणी विकत असला तरी घेऊ नये. परदेशातून आलेल्या प्रवाळांच्या व्यापारावरही आंतरराष्ट्रीय कराराचे बंधन असून रीतसर परवाने लागतात. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर अशा जीवांच्या नोंदणीचे नियमही लागू झाले आहेत. कागदपत्रांशिवाय आलेला माल पेढीवर जसा कोणी घेत नाही, तसा तो टाकीतही घेऊ नये.

मुंबईकरांनी या कायद्याचा प्रभाव अनुभवला आहे. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी, २०२० साली, वरळी आणि हाजी अली परिसरातल्या प्रवाळवसाहती गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली हलवून पुन्हा लावाव्या लागल्या. कोट्यवधींच्या प्रकल्पात काही मुठीएवढ्या जीवांची दखल घेतली गेली, ही जीवदयेच्या इतिहासात नोंदवण्याजोगी गोष्ट आहे.

टाकी नकोशी झाली, तर मासे समुद्रात किंवा खाडीत सोडून अभयदान दिल्याचे समाधान मानणारेही आहेत. ते अभयदान ठरत नाही. हिंद व प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ पासून अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्याजवळ दिसू लागला. टाक्यांमधून सोडलेल्या माशांमुळेच तो तिथे पोचला असावा, असे अभ्यासक मानतात. त्याने तिथल्या लहान माशांची अपरिमित हानी केली आहे. नको असलेला मासा अनुभवी मत्स्यपालकाकडे किंवा मत्स्यालयाकडेच सोपवावा.

घरात आणण्यापूर्वी

प्रवाळ पाहण्याची ओढ असेल, तर टाकीखेरीजही वाटा आहेत. पालिताणा-गिरनारच्या यात्रेला जाणारी कुटुंबे जामनगरमार्गे जाऊ शकतात. तिथे कच्छच्या आखातात १९८२ साली स्थापन झालेले देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. नरारा येथे ओहोटीच्या वेळी मार्गदर्शकासोबत चालत जाऊन जिवंत प्रवाळ पाहता येतात. मालवणजवळच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. मुलांना जीवविचार शिकवायचा, तर हा पाठ टाकीपेक्षा मोठा ठरेल.

ज्यांच्या घरी टाकी आधीच आहे, त्यांनी तिच्यातल्या जीवांचा अखेरपर्यंत नीट सांभाळ करावा. जागा घेतलेला मासा गेला की लगेच दुसरा आणण्याची घाई करू नये. आणि ज्यांना नवी टाकी घ्यायची आहे, त्यांनी दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वी घरातल्या सर्वांना एकत्र बसवून चार प्रश्न विचारावेत. हा जीव कुठून आला, हे सांगता येईल का? त्याला त्याचे नैसर्गिक अन्न द्यायची घरच्यांची तयारी आहे का? क्लाऊनफिश वीस वर्षांहून अधिक जगू शकतो, तेवढा काळ कोणी त्याची काळजी घेईल का? आणि पहिला मासा आणण्याआधी पाणी तयार होण्यासाठी चार ते सहा आठवडे रिकाम्या टाकीकडे पाहत थांबण्याचा धीर आहे का? या चारांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असे आले, तर दिवाणखान्यातली ती भिंत मोकळी राहिलेलीच बरी.